दूरस्थ नभोवाणी-केंद्रांचे श्रवण : एका छंदातील पुराव्याचा विचार

१. विषयाची मर्यादा

नभोवाणी ऐकणाऱ्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग पाडता येतात. पहिला वर्ग कार्यक्रमासाठी केंद्र लावणाऱ्यांचा. १९५२ च्या अखेरीस रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाल्यावर ती ऐकण्यासाठी महाराष्ट्रातही घरोघरी लघुलहरींचा पट्टा धुंडाळला जाऊ लागला. परंतु कोलंबो किती मैल दूर आहे याच्याशी त्या श्रोत्यांना कर्तव्य नव्हते. दुसऱ्या वर्गाची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. त्याला कार्यक्रमाची भाषा पुष्कळदा समजतही नाही. खरखरीतून वर येणाऱ्या त्या आवाजाच्या मागे कोणते केंद्र आहे आणि ते किती दूर आहे, एवढेच त्याला जाणून घ्यावयाचे असते. तारायंत्राच्या सांकेतिक भाषेत ‘अंतर’ या शब्दासाठी ‘डीएक्स’ हा संक्षेप रूढ होता. त्यावरून या दुसऱ्या प्रकारच्या श्रवणास ‘डीएक्सिंग’ हे नाव पडले. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘दूरश्रवण’ हा शब्द योजिला आहे. परवाना घेऊन स्वतः संदेश पाठविणारे हौशी प्रक्षेपक, म्हणजे ‘हॅम’, यांचा छंद याहून निराळा होय. दूरश्रोता केवळ ऐकतो. त्याच्या हाती प्रेषकयंत्र नसते.

वरवर पाहता हा छंद टपाल-तिकिटे जमविण्यासारखा निरुपद्रवी भासतो. तथापि त्याचा गाभा संग्रहात नसून एका प्रश्नात आहे. क्षीण आवाज कानी पडला. तो अमुकच केंद्राचा आहे असे कशावरून म्हणावयाचे? या प्रश्नाचे उत्तर श्रोत्याने किती कसोशीने शोधले, यावरच त्याच्या नोंदीचे मोल अवलंबून असते. हे मोल विज्ञानाला व इतिहासाला कसे उपयोगी पडले, आणि आज त्याची जपणूक का निकडीची झाली आहे, हे दाखविणे हा या लेखाचा हेतू आहे.

२. पहिले दूरश्रवण आणि त्याविषयीची शंका

१२ डिसेंबर १९०१ रोजी गुल्येल्मो मार्कोनी याने न्यू फाउंडलंडमधील सेंट जॉन्स येथील सिग्नल हिल या टेकडीवर पतंगाला बांधलेली तार आकाशात चढविली. सुमारे ३,५०० किलोमीटरांवरील कॉर्नवॉलच्या पोल्डू केंद्रातून मोर्स लिपीतील ‘एस’ हे अक्षर, म्हणजे तीन टिंबे, पुनःपुन्हा पाठविण्यात येत होते. दुपारी मार्कोनीने टेलिफोनची श्रवणिका कानाला लावली, आणि आपणास तीन टिंबे ऐकू आली असे त्याने जाहीर केले. त्याचा साहाय्यक केंप यानेही ती ऐकली. अटलांटिक महासागर बिनतारी संदेशाने ओलांडल्याची ही पहिली घटना म्हणून प्रसिद्धी पावली.

परंतु पुरावा म्हणून या घटनेकडे पाहिले असता अडचणी दिसू लागतात. ऐकणारे दोघेच, आणि दोघेही त्या प्रयोगातलेच. कागदी फितीवर काहीही उमटलेले नाही. काय ऐकू यावयाचे हे दोघांनाही अगोदरच ठाऊक होते. वातावरणातील विद्युत्-क्षोभाची कडकड तीन टिंबांसारखी भासणे अशा वेळी अशक्य नव्हे. शिवाय तो समय दिवसाचा होता, आणि मार्गाचा बहुतेक भाग उन्हात होता. तेव्हा वापरात असलेल्या दीर्घ तरंगांना ही स्थिती अत्यंत प्रतिकूल असते, हे नंतरच्या संशोधनाने दाखवून दिले. यास्तव मार्कोनीने खरोखर काय ऐकले, याविषयी तज्ज्ञांत आजही एकमत नाही.

मार्कोनीलाही ही उणीव जाणवली असावी. फेब्रुवारी १९०२ मध्ये ‘फिलाडेल्फिया’ या आगबोटीवरून अटलांटिक ओलांडताना त्याने पोल्डूचे संदेश कागदी फितीवर उमटवून घेतले आणि त्यांवर बोटीच्या कप्तानाची साक्ष घेतली. रात्रीच्या वेळी सुमारे २,५०० किलोमीटरांपर्यंत संपूर्ण संदेश, आणि सुमारे ३,४०० किलोमीटरांपर्यंत ‘एस’ हे अक्षर नोंदले गेले. दिवसा मात्र हीच मर्यादा सुमारे १,१०० किलोमीटरांवर येऊन थांबली. पहिल्या प्रयोगाने कीर्ती मिळवून दिली. दुसऱ्याने ज्ञानात भर घातली. दिवस आणि रात्र यांचा फरक त्या फितीमुळे प्रथमच स्पष्टपणे नोंदला गेला.

३. दूरचे केंद्र ऐकू का येते?

विद्युत्-चुंबकीय तरंग सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी तर वाटोळी आहे. मग क्षितिजापलीकडील केंद्र ऐकू कसे येते? वातावरणाच्या वरच्या भागात विद्युत्-वाहक थर असून तो तरंगांना खाली वळवितो, असा तर्क केनेली व हेविसाइड यांनी १९०२ मध्ये स्वतंत्रपणे मांडला. डिसेंबर १९२४ मध्ये ॲपलटन व बार्नेट यांनी बोर्नमथ केंद्राचे तरंग ऑक्सफर्ड येथे ग्रहण करून या थराच्या अस्तित्वाचा प्रत्यक्ष पुरावा मिळविला. भारतात शिशिरकुमार मित्र यांनी कलकत्ता विद्यापीठात या संशोधनाची परंपरा घातली. १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘द अपर ॲटमॉस्फिअर’ हा त्यांचा ग्रंथ जगभर प्रमाण मानला गेला.

या प्रदेशास आयनांबर म्हणतात. सूर्याच्या जंबुपार व क्ष-किरणांमुळे तेथील अणुरेणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात. सुमारे ६० ते ९० किलोमीटर उंचीवरील ‘डी’ थर हा दूरश्रोत्याचा वैरी होय. तेथे हवा तुलनेने दाट असल्यामुळे तरंगाने हालविलेले इलेक्ट्रॉन रेणूंवर आदळतात आणि तरंगाची ऊर्जा उष्णतेत जिरून जाते. कंप्रता जितकी कमी तितके हे शोषण अधिक. म्हणून दिवसा मध्यमलहरींचे केंद्र भूपृष्ठालगत जाणाऱ्या तरंगांच्या टप्प्यापुरतेच ऐकू येते. सूर्यास्तानंतर सुटे इलेक्ट्रॉन पुन्हा आयनांशी संयोग पावतात, ‘डी’ थर जवळजवळ नाहीसा होतो, आणि वरच्या ‘ई’ व ‘एफ’ थरांवरून परावर्तित झालेले तरंग शेकडो, प्रसंगी हजारो किलोमीटरांवर उतरतात.

लघुलहरी, म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्झ कंप्रतेचे तरंग, ‘डी’ थरातून बऱ्याच अंशी निभावून जातात. ‘एफ’ थरावरून त्यांची एक झेप सुमारे ४,००० किलोमीटरांपर्यंत जाऊ शकते. जमिनीवरून पुन्हा वर, तेथून पुन्हा खाली, अशा अनेक झेपांनी ते पृथ्वीप्रदक्षिणाही करू शकतात. एकाच वेळी निरनिराळ्या वाटांनी आलेले तरंग कधी एकमेकांस पूरक ठरतात, तर कधी एकमेकांचा छेद करतात. दूरच्या केंद्राचा आवाज लाटेप्रमाणे चढतो-उतरतो, त्याचे हे एक प्रमुख कारण होय. पहाटे व सायंकाळी दिवस-रात्रीच्या सीमारेषेवर ‘डी’ थर क्षीण असतो, पण ‘एफ’ थर अद्याप समर्थ असतो. त्या थोड्या मिनिटांत एरवी अशक्य वाटणारी केंद्रे ऐकू येतात.

या सर्वांवर सूर्याच्या सुमारे अकरा वर्षांच्या चक्राची सत्ता चालते. सौर डागांची संख्या वाढली की उच्च कंप्रतांचे मार्ग खुले होतात. १९५७-५८ मधील कमाल नोंदलेल्या इतिहासात सर्वांत मोठी होती, आणि आंतरराष्ट्रीय भूभौतिकीय वर्षही त्याच काळात साजरे झाले. अगदी अलीकडची कमाल २०२४ च्या सुमारास येऊन गेली. मध्यमलहरींचा दूरश्रोता मात्र शांत सूर्याची वाट पाहतो. कारण चुंबकीय वादळांच्या दिवसांत ध्रुवीय प्रदेशावरून येणारे मार्ग बंद पडतात.

आयनांबरावाचूनही तरंग कधीकधी दूर जातात, आणि त्याचे एक ठळक उदाहरण मुंबईचे आहे. दुसऱ्या महायुद्धात मुंबईतील सुमारे २०० मेगाहर्ट्झ कंप्रतेच्या रडारयंत्रावर उन्हाळ्यात अरबस्तानच्या भूमीवरून परतलेले प्रतिध्वनी दिसले. अंतर हजार मैलांहून अधिक होते. समुद्रालगतच्या दमट हवेवर अरबस्तानाकडून आलेली उष्ण व कोरडी हवा पसरली की त्या दोहोंच्या सीमेवर तरंग एखाद्या नळीत कोंडल्यासारखे होतात आणि पृथ्वीच्या वक्रतेला धरून पुढे जातात. पावसाळा सुरू झाल्यावर ही नळी मोडते.

४. छंदाचा उदय

डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकन हौशी प्रक्षेपकांच्या संघटनेने पॉल गॉडली यास मुद्दाम स्कॉटलंडमध्ये पाठविले. आर्ड्रोसन येथे सागरकाठी तंबू ठोकून, जमिनीपासून थोड्या उंचीवर ताणलेल्या लांबच लांब तारेच्या साहाय्याने त्याने अमेरिकेतील अनेक हौशी केंद्रे ऐकली. तारेचा हा प्रकार हॅरल्ड बेव्हरेज याच्या नावाने आजही ओळखला जातो. गॉडलीच्या निरीक्षणास त्रयस्थ साक्षीदार उपस्थित होता, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मार्कोनीच्या वेळचा आक्षेप वीस वर्षांनी विस्मरणात गेला नव्हता.

पुढील काही वर्षांत अमेरिकेत या छंदास उधाण आले. शिकागोसारख्या शहरांत आठवड्यातील एका रात्री स्थानिक केंद्रे आपण होऊन मौन पाळीत, हेतू हा की नागरिकांना दूरची केंद्रे ऐकता यावीत. १९२४ मध्ये शिकागोच्या एक्को कंपनीने केंद्रांच्या नावांची तिकिटे व ती चिकटविण्याची वही विक्रीस काढली. श्रोत्याने ऐकलेल्या कार्यक्रमाचा तपशील दहा सेंटच्या नाण्यासह केंद्राकडे पाठवावा, आणि तो पटल्यास केंद्राने तिकीट पाठवावे, अशी ही योजना होती. यथाकाल तिकिटांची जागा चित्रमय पोचपत्रांनी घेतली. ‘संदेश पोचल्याची कबुली’ या अर्थाच्या तारायंत्रीय संकेतावरून त्यांस ‘क्यूएसएल कार्ड’ म्हणतात.

५. ओळख पटविण्याची रीत

दूरश्रोत्याची तर्कपद्धती एकदोन उदाहरणांनी स्पष्ट होईल. युरोप, आफ्रिका व आशिया येथील मध्यमलहरी केंद्रे ९ किलोहर्ट्झच्या अंतराने मांडलेली आहेत. अमेरिका खंडांत हे अंतर १० किलोहर्ट्झ आहे. त्यामुळे १,१३४ किलोहर्ट्झ ही नऊच्या पटीतील कंप्रता पूर्व गोलार्धात वापरात असते, तर १,१३० ही अमेरिकेत. फिनलंडमधील श्रोत्याला १,१३० वर काही हालचाल जाणवली की ते केंद्र बहुधा अटलांटिकपलीकडचे, एवढे अनुमान त्याला आवाज स्पष्ट होण्यापूर्वीच करता येते. पण अनुमान म्हणजे निश्चिती नव्हे. त्या कंप्रतेवर अनेक केंद्रे असू शकतात, आणि नाव कानी पडेपर्यंत त्याला थांबावे लागते.

दुसरे उदाहरण भाषेचे. नेपाळी भाषेतील क्षीण प्रक्षेपण ऐकून ते रेडिओ नेपाळचे ठरविणे घाईचे होईल. आकाशवाणीच्या कुर्सियाँग केंद्रावरूनही नेपाळी कार्यक्रम होत आले आहेत. परंतु निवेदकाने वेळ सांगितली आणि ती भारतीय वेळेपेक्षा पंधरा मिनिटांनी पुढे असली, तर प्रश्न बहुतांशी सुटतो. सूचक धुनेचेही असेच आहे. वॉल्टर कॉफमन यांच्या नावे सांगितली जाणारी आकाशवाणीची धून ऐकू आली म्हणजे आकाशवाणी निश्चित झाली. अनेक केंद्रांपैकी नेमके कोणते, हे ती धून सांगत नाही. लंडनचा आवाज ऐकू आला म्हणून प्रेषक इंग्लंडमध्ये आहे असेही ठरत नाही. बीबीसीचे तेच शब्द अटलांटिकमधील असेन्शन बेटावरील प्रेषकातूनही निघतात. संस्थेची ओळख, केंद्राची ओळख आणि प्रेषकस्थानाची ओळख या तीन पायऱ्या भिन्न आहेत, आणि पहिलीवरून तिसरीवर उडी घेणे हा नवख्या श्रोत्याचा नित्याचा प्रमाद होय.

म्हणून जाणते श्रोते आपल्या वहीत नोंदींचे तीन वर्ग पाडतात : निश्चित, संभाव्य आणि अनोळखी. नोंदीत दिनांक, आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळ, कंप्रता, ग्राहकयंत्र, आकाशक आणि प्रत्यक्ष ऐकलेला तपशील असतो. ग्रहणाची प्रत ‘सिन्पो’ या पाच अंकी संकेताने दर्शविली जाते. त्यात संकेताचे बल, अन्य केंद्रांचा व्यत्यय, खरखर, प्रसरणातील चढउतार आणि एकंदर योग्यता यांना प्रत्येकी १ ते ५ गुण देतात. ४३४४४ असा आकडा वाचून अभियंत्यास त्या ग्रहणाचे चित्र तत्काळ कळते.

येथे पोचपत्राच्या प्रामाण्याविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. छापील कार्यक्रमपत्रिका समोर ठेवून कोणासही घरबसल्या अहवाल रचता येईल. म्हणून पत्रिकेत नसलेला तपशील, जसे निवेदकाची चूक, मध्येच तुटलेली ध्वनिमुद्रिका, आयत्या वेळची सूचना, हाच अहवालाचा खरा आधार ठरतो. उलटपक्षी श्रोत्यास खूष करण्यासाठी केंद्राने अहवाल न पडताळताच कार्ड धाडले, असेही घडू शकते. दिनांक, वेळ व कंप्रता लिहिलेले कार्ड आणि नुसते आभाराचे कार्ड यांत म्हणूनच महदंतर आहे. कार्ड हा पुराव्याचा शेवटचा दुवा होय. त्यामागील वही नसेल तर तो दुवा लोंबकळत राहतो.

६. श्रोत्याची नोंद : विज्ञान आणि इतिहास

काळजीपूर्वक ऐकलेली एक विसंगती विज्ञानाला किती दूर नेते, याचे उदाहरण १९३३ चे आहे. हॉलंडमधील आइंडहोवन येथे बी. डी. एच. टेलेगेन हे स्वित्झर्लंडचे बेरोम्युन्स्टर केंद्र ऐकत असता त्या केंद्राच्याच कंप्रतेवर, मागे, लक्झेंबुर्ग केंद्राचा कार्यक्रम ऐकू येऊ लागला. लक्झेंबुर्गची कंप्रता सर्वस्वी निराळी होती. सामान्य श्रोत्याने ग्राहकयंत्राला दोष दिला असता. टेलेगेन यांनी तो दोष यंत्राचा नव्हे हे पाहून घेतले आणि निरीक्षण प्रसिद्ध केले. पुढील वर्षी बेली व मार्टिन यांनी त्याचा उलगडा केला. लक्झेंबुर्गचा बलाढ्य प्रेषक आयनांबरातील इलेक्ट्रॉनांना तापवितो. त्याच्या आवाजाच्या चढउताराबरोबर तेथील शोषणही कमीअधिक होते. आणि त्याच प्रदेशातून जाणाऱ्या बेरोम्युन्स्टरच्या तरंगावर त्या चढउताराची छाप उमटते. आयनांबर हा केवळ आरसा नसून तरंगांच्या योगे स्वतःही बदलणारे माध्यम आहे, ही गोष्ट ‘लक्झेंबुर्ग परिणाम’ या नावाने प्रस्थापित झाली.

इतिहासाच्या क्षेत्रातील उदाहरण मुंबईचे आहे. २७ ऑगस्ट १९४२ रोजी उषा मेहता व त्यांचे सहकारी यांनी मुंबईत गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ ४२.३४ मीटरवर सुरू केला. जागा बदलत बदलत तो १२ नोव्हेंबर १९४२ च्या अटकेपर्यंत चालला. त्यावरील भाषणे आज अभ्यासकांना वाचावयास मिळतात, याचे श्रेय मोठ्या अंशी ती ऐकून लिहून घेणाऱ्या सरकारी निरीक्षकांकडे जाते. उषा ठक्कर यांच्या २०२१ मधील ग्रंथात हे पाठ संगृहीत झाले आहेत. ते श्रवण छंदाचे नव्हते, शत्रुपक्षाचे होते; तथापि उच्चारला जाताक्षणी विरून जाणाऱ्या शब्दाचा लेख ऐकणाऱ्याच्या कागदावरच उरतो, हे त्यावरून दिसून येते. अशा कागदाची चिकित्सा करताना इतिहासकारास जे प्रश्न पडतात, म्हणजे ऐकणाऱ्यास भाषा कितपत अवगत होती, व्यत्यय किती होता, न कळलेली जागा त्याने रिकामी ठेवली की अंदाजाने भरली, तेच प्रश्न दूरश्रोत्याच्या वहीलाही विचारावे लागतात.

७. आजची स्थिती

या नोंदींचा विषय झालेली केंद्रे आता झपाट्याने नाहीशी होत आहेत. कॅनडा व नेदरलँड्स यांच्या आंतरराष्ट्रीय सेवांनी २०१२ मध्ये लघुलहरी सोडल्या. रेडिओ ऑस्ट्रेलियाने ३१ जानेवारी २०१७ रोजी, आणि बीबीसीच्या हिंदी सेवेने ३१ जानेवारी २०२० रोजी लघुलहरींवरील प्रक्षेपण थांबविले. दुसरीकडे शहरांतील विद्युत्-उपकरणांचा गोंगाट वाढतच चालला आहे. दिव्यांचे व संगणकांचे विद्युत्-पुरवठे अशी खरखर निर्माण करतात की क्षीण केंद्र तिच्याखाली गाडले जाते. म्हणूनच फिनलंडचे श्रोते हिवाळ्यात लॅपलंडमधील लेम्मेनयोकीसारख्या निर्जन भागात जातात, अरण्यात किलोमीटरभर लांबीच्या बेव्हरेज तारा पसरतात आणि ध्रुवीय रात्रीच्या दीर्घ अंधारात अमेरिकेतील व पॅसिफिकमधील मध्यमलहरी केंद्रे ऐकतात.

नव्या साधनांनी पुराव्याचा प्रश्न सोपाही केला आहे आणि बिकटही. संगणकाधिष्ठित ग्राहकयंत्र संपूर्ण मध्यमलहरी पट्टा एकाच वेळी मुद्रित करून ठेवते. तासाच्या ठोक्याला शंभर कंप्रतांवर केंद्रांची नावे एकदम उच्चारली जातात. पूर्वी श्रोत्यास त्यांपैकी एकच निवडावे लागे, आता तो सर्व सवडीने तपासू शकतो, आणि दुसऱ्यालाही तोच ध्वनी ऐकवू शकतो. मार्कोनीजवळ जे नव्हते ते आज साध्या छांदिष्टाजवळ आहे. मात्र नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाचे ग्राहकयंत्र २००८ पासून इंटरनेटवर सर्वांस खुले झाले आहे. त्यावरून पुण्यातील श्रोत्याने आफ्रिकेतील केंद्र ऐकले, तर ते ग्रहण पुण्याचे म्हणावयाचे की ट्वेंटेचे? तरंग जेथे आकाशकावर पडला तेच ग्रहणस्थान, हे उत्तर निर्विवाद आहे; परंतु नोंदीत ते स्पष्ट लिहिले नाही तर पुढील अभ्यासकाची खात्रीने फसगत होईल.

या सामग्रीच्या जतनाचे काही प्रयत्न झाले आहेत. अमेरिकेत श्रोत्यांनीच १९८६ मध्ये स्थापिलेल्या समितीने जमविलेली पोचपत्रे मेरिलंड विद्यापीठात ठेवली आहेत. व्हिएन्नातील नभोवाणी-दस्तऐवजांच्या संग्रहालयात अशी कार्डे लक्षावधींच्या संख्येने आहेत. महाराष्ट्रातही जुन्या श्रोत्यांच्या घरी वह्या, कार्डे व फिती असणारच. त्या रद्दीत जाण्यापूर्वी विद्यापीठीय विभागांनी त्या मिळविल्या, तर आयनांबराच्या अभ्यासकास अनेक सौरचक्रांतील ग्रहणाच्या नोंदी मिळतील आणि प्रसारमाध्यमांच्या अभ्यासकास मूक झालेल्या केंद्रांची साक्ष मिळेल. त्या मिळविताना एक पथ्य मात्र पाळावयास हवे. दर्शनी व रंगीत कार्डांच्या मोहात पडून वह्या टाकून देऊ नयेत, आणि वहीतील ‘निश्चित’ नोंदींबरोबर ‘अनोळखी’ म्हणून सोडून दिलेल्या नोंदीही जपाव्यात. जो श्रोता न पटलेल्या आवाजास नाव देत नाही, त्याच्या पटलेल्या नावांवर विश्वास ठेवता येतो.